चार तोळे दोन ग्रॅमची केळी

आणि वर तो वनाभाऊ सोनार मला विचारतो, "साहेब, मोडायचंय का नुसतं वजन?" आता तुम्हाला सांगतो, सकाळचे दहा, दुकानाचं शटर नुकतंच वर गेलेलं, आणि मी काउंटरसमोर छातीशी स्टीलचा डबा धरून उभा, झाकणाला खिळ्यानं भोकं पाडलेली... त्यात मोडायचं काय? म्हटलं, वनाभाऊ, नुसतं वजन. त्यांनी काटा शून्यावर आणला, मी झाकण उघडलं, आणि हा माणूस, तीस वर्षं लोकांच्या गळ्यातलं, कानातलं, नाकातलं सगळं हाताळलेला माणूस, खुर्चीसकट मागे गेला. म्हणाला, साहेब, ही पाल आहे. म्हटलं, मला माहितीय पाल आहे, आजारी आहे, डॉक्टरनी वजन मागितलंय, औषध वजनावर द्यायचंय, आणि ग्रॅमचा बरोबर काटा जळगावात सोनाराकडे नाही तर कोणाकडे असणार? किराणावाल्याकडे नेली तर तो गुळाच्या काट्यावर ठेवेल. वनाभाऊंनी विचार केला, आणि काट्यावर स्वच्छ कापड टाकलं, वर प्लॅस्टिकची वाटी ठेवली, कापड-वाटीचं वजन वजा केलं, आणि चष्मा पुसून म्हणाले, "चार तोळे दोन ग्रॅम."

घरी येऊन सविताला सांगितलं, म्हणजे आमच्या मिसेसला, तर ती म्हणते, मला लग्नात अडीच घातले होते.

तर नाही म्हणजे, मला सांगा, मी सुकदेव तायडे, जिल्हा परिषदेत आवक-जावकच्या टेबलावरून रिटायर झालेला माणूस, एकतीस वर्षांत एक कागद हरवला नाही, मला काय हौस पाल पाळायची? ही पाल आमच्या साक्षीची. साक्षी म्हणजे आमची एकुलती एक, पुण्याला नोकरीला, तिथल्या घरमालकानं सांगितलं की एक तर तू राहा नाही तर ही राहू दे, म्हणून फेब्रुवारीत ती काचेची पेटी घेऊन आली. सोबत एक फाईल. सरकारी नोंद, पावत्या, डॉक्टरचा नंबर, सगळं रीतसर... माझ्या पेन्शनची फाईल एवढी जाड नाही हो! आणि आल्या आल्या मला दम, "बाबा, हिला पाल म्हणायचं नाही. लेपर्ड गेको." बरं. नाव काय, तर केळी. पिवळं अंग, त्यावर काळे ठिपके, आपलं चार दिवस फडताळावर राहिलेलं केळं असतं ना, तस्सं. जळगावात जन्मलेल्या पोरीला दुसरं काय सुचणार?

आता ही केळी भिंतीवर चढत नाही, चुकचुकत नाही, आणि तुम्हाला सांगतो, चक्क डोळे मिटून झोपते. आमच्या घरातल्या ट्यूबलाइटमागच्या पाली चाळीस वर्षांत डोळे मिटताना पाहिल्या नाहीत मी. खाते काय, तर अळ्या. जिवंत. त्या कुरिअरनं येतात, कोंड्यात ठेवायच्या, आणि त्यांचा डबा सविताच्या ओट्याखाली! जिनं जन्मभर रव्यातली एक अळी दिसली तर अख्खा रवा उन्हात टाकला, ती आता कोंड्याचा डबा उघडून बघते आणि म्हणते, अहो, अळ्या बारीक दिसताहेत, त्यांना गाजर टाका.

आणि फोन! पूर्वी साक्षीचा फोन रविवारी, कसे आहात, बरं आहे, ठेवते. केळी आल्यापासून दिवसातून दोनदा. सकाळी साडेआठ, संध्याकाळी साडेसहा. हॅलो नाही, बाबा नाही, काही नाही, फोन उचलला की पहिला प्रश्न, "जेवली का?" मी सगळ्या कॉलनीत गाऱ्हाणं सांगितलं, की बघा, बापाची चौकशी नाही, पालीची आहे. सांगितलं खरं. पण तुम्ही म्हणून सांगतो, सवितासमोर बोलू नका, सव्वासहापासून मी फोन हातात घेऊन बसायचो. जेवली का, तर जेवली, मग पुढे आपोआप ऑफिसचं निघायचं, मेसचं निघायचं, मैत्रिणीच्या लग्नाचं निघायचं... वीस-वीस मिनिटं, कोणामुळे? पालीमुळे.

तर लागला मे. आता आपल्याकडचा मे काय सांगायचा तुम्हाला, तुम्ही काय महाबळेश्वरहून आलात? पंचेचाळीस. दुपारी नळाच्या पाण्यानं हात धुवायचा तर आधी फुंकर मारावी लागते. आपल्याकडे पाहुणा आला की पाणी नंतर, चहा नंतर, आधी "इकडे या, कुलरसमोर बसा", आपण भिंतीला टेकून घाम पुसायचा आणि पाहुण्याला कुलरसमोर बसवायचं, ही आपली रीत. मी तेच केलं हो. मुक्या जिवाला किती उकडत असेल म्हणून कुलरला नवीन वाळ्याच्या ताट्या लावल्या, टाकीत माठातलं पाणी ओतलं, स्टूल मांडलं, स्टुलावर केळीची पेटी, वरची जाळी उघडी, थेट गार झोतात. आम्ही तिघं कोपऱ्यात. तिघं म्हणजे मी, सविता आणि आमची माय, द्रौपदाबाई, वय ब्याऐंशी, मूळची भडगावची, बोलते ते सगळं अहिराणीत. तिनं पाहिलं आणि म्हणाली, "हाई पाल शे का जवाई शे?"

चौथ्या दिवशी केळीनं तोंड फिरवलं. अळी समोर, ही डोळे मिटून. पाचव्या दिवशी तेच. साडेसहाला फोन. जेवली का? आता काय सांगायचं... म्हटलं, जेवली. दोन खाल्ल्या. तुम्हाला सांगतो, एकतीस वर्षांत खोटी तारीख टाकली नाही मी कुठल्या कागदावर, आणि पालीसाठी पोरीशी खोटं बोललो. सहाव्या दिवशी म्हटलं तीन खाल्ल्या. खोट्यात कंजुषी कशाला? तिनं फोटो मागितला, मी एप्रिलमधला पाठवला. इकडे वहीत रोजची नोंद चालू. अळ्या आवक शून्य, जावक तर त्याहून शून्य. हिची शेपटी असते ना, तीत हिची सगळी शिदोरी असते, चांगली अंगठ्याएवढी जाड होती, ती बारीक व्हायला लागली. आणि माझ्या मनात जी चुकचुकली ती कोण? पालच.

इथल्या जनावरांच्या डॉक्टरकडे गेलो, चांगला माणूस, पण त्यांच्या अंगणात तीन म्हशी, मी डबा उघडला तर ते म्हणाले, साहेब, मला हिचं इंजेक्शन टोचायला जागा सापडणार नाही. कोणी सांगितलं धुळ्याला एक जण पक्षी पाहतात. फोन केला. ते म्हणाले, पंख आहेत का? म्हटलं, नाहीत. मग कठीण आहे, म्हणाले. शेवटी साक्षीच्या त्या फाईलमधला नंबर काढला, पुण्याच्या डॉक्टरबाई, सरपटणाऱ्या प्राण्यांच्याच. त्यांनी वजन मागितलं, म्हणून वनाभाऊ. त्या म्हणाल्या, दर दोन दिवसांनी वजन कळवा. पहिल्या दिवशी चार तोळे दोन ग्रॅम. मग तीन तोळे नऊ. मग तीन तोळे सहा. वनाभाऊ आता मला पाहिलं की गिऱ्हाईक बाजूला ठेवून काटा पुसायचे, आणि आकडा सांगताना हळू बोलायचे. त्या दिवशी तर डब्याचं झाकण त्यांनीच लावलं. म्हणाले, साहेब, चहा घ्या. मी चहा तसाच ठेवून डबा उचलला.

मी व्हिडिओ कॉल केला. बाईंना म्हटलं, औषध चालू आहे, कोमट पाणी चालू आहे, तरी पालीचं वजन उतरतंय. बाई म्हणाल्या, काका, पेटी कुठे ठेवलीय? जरा फोन फिरवा बघू. मी फोन फिरवला. अभिमानानं फिरवला! स्टूल, पेटी, वाळ्याच्या ताट्या, झोत... बाई काही बोलेनात. मला वाटलं रेंज गेली.

मग त्या म्हणाल्या, "काका, तिला थंडी वाजतेय."

तुम्ही हसा. हसा! जळगाव, मे महिना, पंचेचाळीस डिग्री, डांबर बुटाला चिकटतंय, आणि आमच्या घरात एक जीव थंडीनं आजारी. बाईंनी समजावून सांगितलं, हिला पोटाखाली बत्तीस लागतं, तेवढं मिळालं तरच खाल्लेलं पचतं, गार ओल्या वाऱ्यात हिचं पोट बंद पडतं, छाती भरते. मग म्हटलं, कुलर बंद करतो. तर म्हणाल्या, छे, तुमच्याकडे खोली चाळीसच्या वर गेली तर त्यानंही जाईल. बत्तीस म्हणजे बत्तीस. मग मी बसलो हातात थर्मामीटर घेऊन. कुलर चालू, कुलर बंद, चालू, बंद... सविता म्हणते जेवायला चला, मी म्हणतो तेहतीस झालं, थांब. भूक कुठे होती? डोळ्यांसमोर ती शेपटी.

शेवटी फारुखभाईंना बोलावलं, कुलर दुरुस्त करतात ते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, आमच्याकडे असं कोणी पहिल्यांदाच ऐकून घेतलं, आणि म्हणाले, "साहेब, टेन्शन नका घेऊ. माझ्या साल्याचं नशिराबादला अंडी उबवायचं मशीन आहे. त्याचं थर्मोस्टॅट कुलरला लावून देतो." आणि लावलं! तेहतीस झालं की कुलर आपोआप चालू, एकतीसला बंद. तोंड खिडकीकडे, पेटी दुसऱ्या भिंतीला, खाली गरम गादी. म्हणजे आता आमच्या घरात वारा कोणाच्या हिशेबानं? पालीच्या. आम्हाला जरा बरं वाटायला लागलं की खट्, कुलर बंद. माय पंखा हलवत म्हणाली, "हाई पाल शे, बाळंतीण नही शे. बठ्ठं घर इन्हा मांगे कसाले लागनं?" म्हणजे अख्खं घर हिच्या मागे कशाला लागलंय.

त्या दिवशी साडेसहाला फोन वाजला. जेवली का? मी तोंड उघडलं, की दोन खाल्ल्या... आणि निघेना. म्हटलं, "साक्षी, नाही जेवली. नऊ दिवस झाले. मीच तिला कुलरसमोर ठेवलं होतं." रडली असती, ओरडली असती तर बरं वाटलं असतं. नुसतं म्हणाली, येते मी, आणि फोन ठेवला. तुम्हाला खरं सांगतो, मला त्या क्षणी पालीची भीती नव्हती वाटत. ही पाल गेली तर तो फोन रविवारवर जाईल, आणि तोही या गोष्टीनंतर किती वाजेल कुणास ठाऊक, याची वाटत होती.

सकाळी रिक्षा थांबली. मी दारात, दाढी वाढलेली, बनियन लोंबतंय. मला वाटलं आता ही बॅग टाकेल आणि सरळ पेटीकडे धावेल, आणि धावायलाच पाहिजे. ती उंबऱ्यातच थांबली. माझ्याकडे पाहिलं, गळ्यापासून पायापर्यंत पाहिलं, आणि म्हणाली, "बाबा, तुम्ही जेवलात का?"

आता काय सांगू... इतके महिने ज्या प्रश्नाची वाट पाहिली तो प्रश्न समोर उभा, आणि मी काय म्हणालो? म्हणालो, माझं जाऊ दे गं, आधी तिचं पाहा. मी बोललो हे! तिनं ऐकलं नाही. मला पाटावर बसवलं, सवितानं वरण-भात वाढला, आणि पोरगी समोर बसून घास मोजत राहिली. डोळ्यांत पाणी आलं माझ्या, ठेच्यानं नाही, ठेचा नव्हताच ताटात.

आणि माझा चौथा-पाचवा घास असेल, तेवढ्यात आमची माय उठली. पदराखालून तिनं काडेपेटी काढली. काडेपेटीत नाकतोडा! दिवस उगवायच्या आधी घरामागच्या गवतात वाकून वाकून पकडलेला, ब्याऐंशीव्या वर्षी. साक्षी म्हणाली, आजी, फवारणीचा नको. माय म्हणाली, "कपाशीवरना नही शे. आपला गवतमाना शे, तठे कोनी फवारत नही." आणि सविताच्या चिमट्यात धरून पेटीत सोडला, आणि पेटीला तोंड लावून, जिला ती जन्मात पालीशिवाय काही म्हणाली नव्हती तिला म्हणते, "खाय व माय, खाय."

केळीनं एक डोळा उघडला. मग दुसरा. शेपटीचं टोक असं जरासं हललं... माझा घास हातात... आणि खट्. मला वाटलं कुलर बंद झाला. नाही हो. नाकतोडा गेला होता.

साक्षी तीन दिवस राहिली. जाताना मी विचारलं, नेणार का हिला? म्हणाली, नको बाबा, इथे हिचं बरं चाललंय. दोन आठवडे झाले आता. काल वनाभाऊंकडे चार तोळे तीन ग्रॅम भरली, त्यांनी दुकानात सगळ्यांना पेढा दिला, गिऱ्हाइकांना वाटलं कोणाचं तरी लग्न ठरलं.

आणि संध्याकाळी साडेसहाला फोन वाजला. मी आपला तयार, सव्वासहालाच पोळी-भाजी खाऊन तयार, खोटं बोलायचं कामच नको. तिकडून आवाज आला, "जेवला..." का "जेवली..." नीट थांबलोच नाही ऐकायला, म्हटलं, हो गं, दोन पोळ्या, वांग्याची भाजी, वर ताक घेतलं.

"तुम्ही नाही हो बाबा," म्हणाली. "केळी."

म्हटलं, जेवली. चार तोळे तीन ग्रॅम.

माझं वजन करायला वनाभाऊंकडे एवढा मोठा काटाच नाही.