न्हाणीवरचा कॅमेरा

मी, विमलबाई सहदेव ठोंबरे, वय ५८ वर्षे, धंदा शेती व दूधविक्री, राहणार चिंचआळी, कडावजवळ, ता. कर्जत, जि. रायगड, आज पोलीस ठाण्यात स्वतः हजर राहून सांगते की,

वरील ठिकाणी मी, मुलगा ऋषिकेश व सून राहतो. गावात पाण्याच्या मोटारी चोरीला जात, म्हणून ग्रामसभेत कॅमेरे मागितले गेले. तेव्हा हात वर करणाऱ्यांत मीही होते. एक कॅमेरा आमच्या घरामागच्या खांबावर बसला.

जानेवारीत सून दाखल्यासाठी पंचायतीत गेली. तिथे चौघेजण टीव्हीसमोर चहा पीत होते. टीव्हीत रस्त्याबरोबर आमची न्हाणीही दिसत होती. न्हाणीला छप्पर नाही. सून दाखला न घेताच परत आली. तेव्हापासून ती साडी नेसूनच अंघोळ करते व जेवायला नीट बसत नाही.

मी सरपंचांकडे दोनदा गेले. ते म्हणाले, "काकू, गावाच्या भल्यासाठी हाय तो. बगायला कोण बसलाय?" कोण बसले होते ते मी नावानिशी सांगितले. त्यावर ते हसले. मला फार राग आला.

दि. ११ फेब्रुवारी रोजी सकाळी मी शेंगा पाडायच्या आकडीने कॅमेरा डोंगराकडे फिरवला. मला कोणी सांगितले नव्हते. ऋषिकेश कामावर होता.

दि. १३ रोजी दुपारी तीनच्या सुमारास मी ओटीवर वाल सोलत होते. शेजारच्या सोनुबाई, वय ७४, रस्त्याने येत असता मोटारसायकलवरच्या दोघांनी त्यांच्या गळ्यातली माळ ओढली. त्या पडल्या, मनगट मोडले. मी धावले. गाडी काळी, मागच्याच्या तोंडाला पिवळा रुमाल, नंबरचे शेवटचे आकडे ४७. चौकशीला आलेल्या साहेबांना मी हे सांगू लागले, तर कॅमेऱ्यात येईलच म्हणाले व पंचायतीत गेले. कॅमेऱ्यात डोंगर आला.

आता मी चोरांना सामील आहे असे गावात बोलतात. चोर सोडून संन्याशाला फाशी, अशातली गत आहे. सोनुबाईंचा हात पाहिला की मला घास गिळवत नाही, हे खरे. पण मी चोरांना ओळखत नाही. चोर पाहिले ते मी, आणि माझे पाहिलेले आज आठव्या दिवशी लिहून घेतले जात आहे.

कॅमेरा रस्त्याकडे करावा, माझी हरकत नाही. न्हाणीकडे केला तर मी पुन्हा फिरवीन. हेही लिहावे.

सुनेचे नाव विचारले. तिलाही जबाबासाठी आणावे असे सांगितले. त्यावर मी म्हणाले, "तिचं नाव नका लिवू, सायेब. तिला बगणारे लय झाले."

वरचे सगळे मला मोठ्याने वाचून दाखवले. मी बोलले तसेच ते आहे. सुनेच्या नावाची जागा मोकळी आहे, हे बघून सही करते.