केराप्पाच्या इंजिनाचा खुराक

टाळ जरा मांडीवर ठेवा, मंडळी! गळे तापले, आता कान तापवू.

मला एक सांगा. आपण देवापुढं उभं राहतो आणि काय म्हणतो? दे! पीक दे, पोरगा दे, पोराला नोकरी दे, नोकरीला बढती दे! बरं, तो देतो. मग ते मिळालेलं टिकत का नाही? देणाऱ्याचा हात आखडता, की घेणाऱ्याला सोसत नाही? काय वाटतं? ओ खांबाजवळचे पाटील, डोळे उघडा, तुम्हालाच विचारतोय!

उत्तर मी देणार नाही. उत्तर कुसळेवाडीचा केराप्पा कोळेकर देईल. ऐका!

केराप्पा बैलांचा व्यापारी. बैल असा पारखायचा की बघत राहावं! आणि गावात त्याच्या घराण्याचा एक मान – डोंगरावरच्या सिद्धनाथाचा रथ यात्रेदिवशी कोळेकरांच्या बैलांनी घाटानं वर न्यायचा. बापानं चाळीस वर्षं नेला. पण आता बैल थकले, घाटावर डांबर आलं, आणि पंचांनी ठरवलं – यंदा रथ गाडीनं ओढायचा! पहिला हक्क केराप्पाचा. पण एक अट. रथ मध्ये थांबला, तर मान भावकीतल्या आबाकडं. आणि आबाच्या दारात काय? नवा कोरा ट्रॅक्टर!

केराप्पाच्या दारात काय? एक जुनी जीप. तिच्यातलं इंजिन केव्हाच वारलेलं. तेराव्याचं जेवणसुद्धा झालेलं!

मग केराप्पानं म्हैस विकली. चाळीस हजार आले. बायको हौसाक्का म्हणाली, "ह्याच्यावर एक रुपाया मागायचा न्हाई." आणि हा मिरजेला दस्तगीर मिस्त्रीकडं गेला.

मिस्त्री म्हणाला, "एवढ्यात मोठं इंजिन येत नाही, केराप्पा. लहान घेऊ, त्याला टर्बो बसवू."

"टर्बो म्हंजी काय वं, चाचा?"

"धुरांड्यातून धूर फुकट जातो ना? त्या धुरावर एक पंखा फिरवायचा. त्या पंख्यानं जास्तीची हवा इंजिनाच्या पोटात कोंबायची. हवा जास्त, पेट्रोल जास्त, ताकद जास्त!"

केराप्पाचे डोळे चमकले. "म्हंजी खुराक!"

बरोबर की नाही? बैलाला पेंड, इंजिनाला हवा!

दोघं भंगारवाल्याकडं गेले. तिथं दोन इंजिनं. एक कुणा शौकीन पोराच्या ठोकरलेल्या गाडीचं – अॅल्युमिनियमचं, चांदीच्या ताटासारखं लखलखीत. दुसरं म्हाताऱ्या टॅक्सीचं, बिडाचं, काळं, तेलानं माखलेलं. मिस्त्रीनं दोन्हीचे प्लग काढले, भोकावर अंगठा ठेवला आणि इंजिन हातानं फिरवलं. लखलखीतानं अंगठा फाडकन उडवला. काळ्यानं हळूच ढकलला.

"काळं घे," मिस्त्री म्हणाला. "ह्या चकचकीतात दाब आधीच गच्च आहे. जो छाती फुगवून उभा आहे, त्याच्यात आणखी हवा कुठं भरणार? काळ्यात जागा आहे. आणि बीड मार सोसतं."

शहाण्या माणसाचं आपण ऐकतो का? तुम्ही ऐकता? मग केराप्पानं तरी का ऐकावं!

त्यानं दोन्ही चालू करायला लावली. मृदंगमणी, जरा डाव्या पुडीवर दाखवा काळं इंजिन... हां! धक... धक... धक... आता उजव्या शाईवर ते लखलखीत! तर्र्र्र! पायानं जरा दाबलं की किंचाळतंय! केराप्पा उडालाच. "चाचा, शेपटीला हात लावायच्या आधीच उधळतंय! जातिवंत हाय!"

भंगारवालाही पूर्वीचा बैलबाजारातलाच. त्यानं खांद्यावरचं उपरणं पुढं केलं. उपरण्याखाली बोटं भिडली, बोटांच्या खुणांनी सौदा सुरू! आणि मंडळी, उपरण्याखाली दिलेला शब्द परत घेता येत नाही. बोटं सुटली तेव्हा तीस हजार गेले. उरलेल्यात जुना टर्बो आला. मिस्त्रीनं कपाळाला हात लावला आणि बसवून दिलं. "हळू चालव," एवढंच म्हणाला.

हळू? सगळं गाव चाचणीला जमलेलं! नारळ फुटला, लिंबू-मिरची लागली. चढ लागताच टर्बोनं शीळ घातली – सुंईऽऽऽ! केराप्पानं दाबलं. आणखी दाबलं. आणि – धाडकन!

पांढरा धूर! एका आजोबांना वाटलं यात्रेची तोफ उडाली, त्यांनी डोंगराकडं बघून हात जोडले. गॅस्केट फुटली, पिस्टनला भोक पडलं. आबा जवळ आला, वाकून बघितलं आणि म्हणाला, "केराप्पा, नारळ आत फोडलास व्हय?"

हसताय तुम्ही. केराप्पा हसला नाही. घरी आला, रिकाम्या गोठ्यात बसला, भाकरीला शिवला नाही. बापाचा मान आपल्या हातानं घालवला, ही लाज त्याला आतून खात होती. हौसाक्का ताट घेऊन आली, शेजारी टेकली.

"अवं, एक इचारू? रथाला आजवर कवा शर्यतीचा बैल जुपला हुता का?"

केराप्पानं मान वर केली.

"मामंजी काय म्हणायचं? उधळणारा मैदानाला, सोसणारा रथाला. बैल असता तर चुकला असता का तुमी? तेल-लोखंड बघितलं आन् अक्कल गोठ्यात ठिवून गेला!"

मंडळी, बायको बोलली की माणूस आधी चिडतो, मग विचार करतो. केराप्पा थेट उठला. का? कारण जन्मभराची पारख होती ती! दुसऱ्याला सांगायची, स्वतः वापरायची नाही. फुटकं इंजिन टेंपोत घालून तो भंगारवाल्याकडं गेला. भंगारवाल्यानं सवयीनं उपरणं काढलं.

"उपरणं ऱ्हाऊ दे," केराप्पा म्हणाला. "काटा आण."

आता गंमत बघा! अॅल्युमिनियम महाग, बीड स्वस्त. फुटक्या दिमाखाच्या वजनात काळं टॅक्सीवालं इंजिन आलं, वर गॅस्केटीपुरते पैसे हातात! टर्बो शाबूत होताच. मिस्त्रीनं बसवला, दाब बेताचा ठेवला.

केराप्पा चुळबुळला. "चाचा, वाईच वाढवा की. आबाचा ट्रॅक्टर हाय."

"खुराक आपला बैल बघून देतोस, की शेजाऱ्याचा?"

केराप्पानं बॉनेट बंद केलं.

यात्रेचा दिवस. हलगी, गुलाल, मागं रथ. धक... धक... धक... जीप घाट चढायला लागली. बाभळीच्या वळणावर चढ छातीवर आला. चाकं जड झाली. आबा ओरडला, "थांबतोय! थांबतोय!" गाव ओरडलं, "दाब की रं, केराप्पा!" त्याचा पाय शिवशिवला. मागच्या खेपेला ह्याच पायानं घात केला होता. त्यानं पाय होता तिथंच ठेवला. डोळ्यांत पाणी, ओठांत नाथाचं नाव. इंजिन कण्हलं, टर्बोनं बारीक शीळ घातली... आणि रथ हलत राहिला! बोटभर, वीतभर, हातभर – वळण सरलं!

वर पोचल्यावर पुजाऱ्यानं मानाचा नारळ दिला. केराप्पाला भरून आलं. जीपमधून उतरला आणि भक्तिभावानं बॉनेटवर डोकं टेकलं – चर्र! कपाळ भाजलं! पुजारी म्हणाला, "थांब, अंगारा लावतो." हौसाक्का म्हणाली, "आदी गार पानी वता!"

हसा, हसा! आता हसणं जरा आवरा आणि माझ्याकडं बघा.

सात दिवस मी काय करतोय इथं? तुमच्यात हवा भरतोय! नाम, क्षमा, शांती – कोंबतोय नुसतं! आणि मान डोलावताना तुम्ही सगळे कसे लखलखीत दिसताय! उद्या सप्ताह उठेल. परवा सकाळी शेताच्या बांधावर सख्खा भाऊ भेटेल, तुमची फूटभर जमीन नांगरून बसलेला. तिथं चढ लागतो, मंडळी. धाडकन वाजलं, तर महाराजांचं कीर्तन फुसकं होतं म्हणू नका.

आत्ता डोळे मिटा, छातीवर हात ठेवा आणि ज्या भावाशी बोलत नाही त्याचं नाव मनात घ्या. फक्त नाव घ्या.

कुठं काही तडकलं का?