डुलत्या खुर्चीचं लाकूड

"दादा, कसलं लाकूड रे हे?" एवढंच विचारलं होतं मी! जगावेगळं काही विचारलं का? तर हा हसतो आणि म्हणतो, "ओळखलं मी. उद्या त्याच लाकडाचा तुकडा आणतोच, तेव्हा बघ." आणि दुसऱ्या दिवशी भर दुपारी, हातात पॉलिशपेपर, बसल्या बसल्या... गेला की हो! छातीत कळ आली म्हणे. अरे, एक शब्द होता! साग म्हण, शिसम म्हण आणि मग जा ना!

तुम्हाला सांगतो, दादा जुनं फर्निचर दुरुस्त करायचा. वहिनीला दिवस गेले, तशी यानं भंगारातून एक डुलती खुर्ची उचलून आणली. म्हातारी! कुणाच्या पणजीची असेल. खाली दोन बाकदार पट्ट्या असतात ना, ज्यांवर ती डुलते, त्यातली एक मोडलेली. मी म्हटलं, "लाव की कुठलीही." तर म्हणे, "बैला, दोन पट्ट्या दोन जातींच्या लावल्या तर एक झिजते, एक तशीच राहते. खुर्ची वाकडी चालते मग." तो गेला. ही म्हातारी खुर्ची आहे तशीच. अरे, काही क्रम असतो की नाही?

वहिनी रडेचना. एवढंच म्हणाली, "भावजी, बाळ यायच्या आत खुर्ची होईल ना?" मी म्हटलं, "होईल." माझं तोंड म्हणजे ना...

निघालो, खुर्ची डोक्यावर घेऊन. सुतारानं रंधा मारता मारता लांबूनच बघितलं. "शिसम! रंग बघ की, डोळे फुटले का?" पुढे वखारवाला. त्यानं एका हातानं उचलली. "ह्यॅ! शिसम असतं तर खांदा निखळला असता तुझा. साग आहे. वास घे, वास!" घेतला. साग कसला, पॉलिशचा वास, दादाच्या शर्टाला यायचा तसाच! मी नाक काढेचना. तो विचारतो, "आला का?" म्हटलं, "आला." काय सांगणार त्याला? मग जुन्या वस्तूंचा दुकानदार. डोळ्याला भिंग लावून गोड आवाजात म्हणतो, "अक्रोड आहे हो, राजा! रेषा बघा कशा नाचतायत!" नाचतायत? मी कसलं लाकूड एवढंच विचारलं होतं, बाबा!

शेवटी घरी आलो आणि खुर्ची उलटी केली. दादा असंच करायचा, खालून थोडं खरवडायचं, पाणी लावायचं, मग लाकूड आपणहून बोलतं म्हणायचा. चाकू लावला... आणि काळा रंग निघाला हो! खाली गोरंपान! म्हणजे तो शिसम आणि तो अक्रोड दादाच्याच रंगाच्या डब्यातला! वहिनीला काळसर आवडतं म्हणून त्यानं सगळीकडे हात मारलेला, खालूनसुद्धा, जिथं कुत्रं बघणार नाही तिथंसुद्धा! आणखी बोटभर खरवडलं असतं तर कळलं असतं. पण चाकू पुढे जाईना. रंग नव्हता तो, हात फिरला होता त्याचा! मी काय पुसायला बसलो होतो? ठेवला चाकू. लाकूड कसलं... असेल कसलं तरी!

वखारीतून एक गोरं लाकूड उचललं, अंदाजानं पट्टी कापली, लावली. बाळ आलं. वहिनी त्याला घेऊन बसली, डुलली आणि पहिल्यांदा रडली. मीही. आणि तेवढ्यात बघतो तर काय, खुर्ची सरकतेय! दर झोक्याला बोटभर तिरकी! वहिनी डोळे पुसत म्हणते, "भावजी, आम्ही दाराशी आलो बघा!" म्हटलं, "कुठं निघालात? एक गेला तेवढा पुरे झाला!"

तेव्हापासून हेच चाललंय. ती दोघं डुलतात, दाराकडे निघतात, मी ओढून आणतो. आत्ताही इकडे यायला निघालो तर दोघं झोपलेली आणि खुर्ची उंबऱ्याशी. हळूच, दोघांसकट ओढली, भिंतीशी नेली. मी घरात नसताना निघाली तर? म्हणून दोन्ही पट्ट्यांखाली एकेक चप्पल सारली. माझीच.

म्हणून हा असा अनवाणी आलोय.