चौक कुणाच्या लग्नाचा?

...आणि वर आमची ही मलाच म्हणते, "तुम्हाला कुणी सांगितलं होतं मध्ये तोंड घालायला?" आता तुम्हीच सांगा, दुभाषाने मध्ये तोंड घालायचं नाही तर कुठे घालायचं? मी पनवेलच्या शाळेत चित्रकलेचा मास्तर, बावीस वर्षं पोरांकडून एका तांब्याचं आणि दोन कांद्यांचं चित्र काढून घेतोय, इंग्रजी बरं म्हणून हेडमास्तरांनी मला पाहुण्यांबरोबर धाडलं... यात माझं काय चुकलं, सांगा!

झालं काय, दिल्लीहून एक रेवाबाई आल्या. क्युरेटर. म्हणजे काय विचाराल, तर मीही विचारलं. त्या स्वतः चित्र काढत नाहीत, चित्रकारांना एकत्र बसवतात आणि एकेकाला विचारतात, बाबा रे, हे जे तू करतोस ते नेमकं कसं करतोस? असा प्रश्न जगात असतो हेच मला ठाऊक नव्हतं हो! मला बावीस वर्षांत एकच प्रश्न आला, "सर, तास कधी संपणार?" त्यामुळे मी आपला कान टवकारून बसलो.

बसलो कुठे, तर कर्नाळ्याच्या पायथ्याला, ठाकरवाडीत, साळूबाईच्या अंगणात. तिच्या कुडावरचं जुनं चित्र रेवाबाईंनी कुठल्याशा फोटोत पाहिलेलं. सोबत दोन चित्रकार, जपानचे हायाशी आणि जाव्याचा सुबाग्यो. मराठी कुणालाच नाही, सगळा भार माझ्या डोक्यावर.

हायाशी म्हणाले, "मी एक दगड समोर ठेवतो. तीन दिवस बघतो. चौथ्या दिवशी जरासा डावीकडे सरकवतो." मी विचारलं, "आणि मग?" "मग परत बघतो." अहो, शाळेत मी असं केलं तर हेडमास्तर मलाच सरकवतील! हसू दाबलं खरं, पण लगेच मनात आलं, आपण त्या तांब्याकडे कधी बघितलंय का? तीन दिवस राहू द्या, तीन मिनिटं? वाईट वाटलं हो.

सुबाग्यो म्हणाला, मी कापड महिनाभर भातखाचरात पुरतो, मग चिखलच त्यावर चित्र काढतो. साळूबाईचा नवरा शुक्रा ओट्यावरून म्हणाला, "आमची समदीच कापडं तशी हायत." मी तेही इंग्रजीत सांगितलं. सुबाग्यो इतका हसला की त्याने उठून शुक्राला मिठीच मारली.

मग साळूबाईची पाळी. रेवाबाई म्हणाल्या, विचारा, प्रेरणा कुठून मिळते? आता प्रेरणा कशी विचारायची? मी म्हटलं, "साळूबाई, चित्र काढायच्या आधी आतून काय येतं?"

"आतनं काय येनार, मास्तर? भायेरनं पोरीचा बाप येतो. लगीन हाय म्हनतो. मंग जाते नि भितीवर लग्नाचा चौक काढते."

रेवाबाईंनी ते लिहून घेऊन खाली दोन रेघा मारल्या. म्हणाल्या, आता थोडंसं काढून दाखवा ना.

"लगीन कुनाचं हाय?"

"लग्न नाही, असंच."

"मंग नाय. चौकात देव बसतो. बिनकामाचा बसवला तर इचारल ना, मला कशाला बोलावला? काय सांगू त्याला?"

हे सांगितल्यावर हायाशींनी तीनदा मान लववली. पण रेवाबाईंचा चेहरा असा पडला की मला बघवेना. आणि खोटं कशाला बोलू, मलाही बघायचं होतं, ती काढते कशी! तोंडातून निघून गेलं, "आमच्या अनुयाचं आहे ना लग्न!"

अहो, अनुया आमची मुलगी, वाशीला नोकरी करते, सत्ताविसावं चालू आहे. सोळा स्थळं दाखवली. गेल्या गुढीपाडव्याला तिने बजावलं, "या घरात पुन्हा लग्नाचा ल काढलात तर मी बॅग भरून हॉस्टेलवर जाईन." आणि ती बोलते तसं करते! पण पाहुणे हिरमुसून जाताहेत, माझं काय चुकलं, सांगा!

साळूबाई उठलीच. "चला मग. चौक पोरीच्या घरात काढायचा असतो."

गाडी थेट नवीन पनवेल, आमची दोन खोल्यांची जागा! आमच्या हिने, माधुरीने दार उघडलं, हात कणकेने माखलेले, समोर जपान, जावा, दिल्ली आणि ठाकरवाडी. "अहो, हे काय?" म्हणेपर्यंत साळूबाईने हॉलच्या पिस्ता डिस्टेंपरवर गेरू फासला, माधुरीकडूनच तांदळाचं पीठ मागून घेतलं आणि भाताची काडी बुडवून बसली.

तुम्हाला सांगतो, पेन्सिल नाही, पट्टी नाही, खोडरबर नाही... मी पोरांना घसा फोडून सांगतो, आधी फिकट काढा, मग गडद करा. ही बाई एकदाच रेघ ओढते, आणि ती रेघ जायची तिथेच जाते! चौकट झाली, झाड झालं, चिमणीएवढी माणसं फेर धरून नाचायला लागली. माधुरीसुद्धा कणिक विसरली. इतकं सुंदर काम, आणि ते मी खोटं बोलून करून घेतलं!

खरं सांगून टाकावं म्हणून तोंड उघडतोय तोच साळूबाई वळली, "मास्तर, नवऱ्याचं नाव सांगा. देवाला सांगाया लागतं." आणि दारात अनुया उभी, ऑफिसातून आलेली! भिंत बघतेय, मला बघतेय. मी मनातल्या मनात तिची बॅग भरली.

साळूबाईने तिलाच विचारलं, "पोरी, नाव काय तुज्या नवऱ्याचं?"

अनुया चपला काढून त्या नाचणाऱ्या माणसांजवळ गेली. मग हळूच म्हणाली, "निनाद."

निनाद! आमच्या शाळेतला पीटीचा मास्तर! दोन वर्षं मधल्या सुट्टीत माझ्या शेजारी बसून माझ्याच डब्यातली भाजी खातोय, आणि तोंडातून एक अक्षर नाही! साळूबाईने गाणं सुरू केलं, माधुरी पदराने डोळे पुसतेय, आणि रेवाबाई माझी बाही ओढताहेत, व्हॉट डिड शी से, व्हॉट डिड शी से?

काय करता! घसा खाकरला आणि सांगितलं, "मॅडम, द ब्राइडग्रूम इज निनाद. ही इज ऑलरेडी ईटिंग फ्रॉम माय टिफिन."