कुशीवर वळवायला माणूस

जबाब देणार: वच्छलाबाई निंबा भोळे, वय ६४ वर्षे, धंदा शेती व घरकाम, राहणार असोदा, ता. जि. जळगाव.

मी समक्ष पोलीस ठाण्यात हजर राहून, विचारल्यावरून सांगते की, वरील पत्त्यावर मी मुलगा कुंदन याच्या घरी राहते. माझे पती निंबा हे मोरीत घसरून पडले. त्यांच्या खुब्याचे ऑपरेशन जळगावातील एका खाजगी दवाखान्यात झाले. पडून पडून पाठीला जखम झाली, ती चिघळली व त्यातच ते वारले. नर्स कामिनी ही त्यांच्याकडे फिरकलीच नाही, अशी तक्रार कुंदनने दिली आहे.

ऑपरेशननंतर डॉक्टरांनी त्यांच्या छातीवर बटणाएवढी पट्टी चिकटवली होती. माणूस एकाच अंगावर फार वेळ राहिला, की जखम होण्याआधीच नर्सच्या टेबलावर सूचना वाजते, मग लगेच कुशीवर वळवायचे, असे त्यांनी आम्हा मायलेकांना समजावले. कुंदन म्हणाला, "मशीन लावलंय ना, मग माणूस कशाले बसवायचा?" आणि गावी निघून गेला.

सूचना वाजली की कामिनी यायची. दर वेळी यायची. पण माझा माणूस भारी हट्टी. "पोरी, मले हात नको लावू. कुंदनले बोलाव," म्हणायचा अन् चादर मुठीत आवळून धरायचा. वॉर्डबॉयला तर शिव्याच. मी जोर लावून पाहिला, माझ्याने ते हलेनात. कुंदनला किती फोन केले! "केळीची गाडी भरतोय, आई. नर्सले सांग, तिचंच काम आहे."

मग पाठीला, कंबरेखाली काळे पडले. कामिनी रडली. मला रडू आले नाही, नुसती आग आग होत होती.

ठाण्यात येताना कुंदन मला म्हणाला, "नर्स आलीच नाही, एवढंच सांग. नाहीतर माझ्या दारात पाय ठेवू नको." साहेब, ती आली होती. पोटचा पोरगा आला नाही. त्या पोरीच्या अन्नात माती कालवू काय मी? मला दुसरे मूल नाही. जायला घरही नाही.

लिहिलेले मला मोठ्याने वाचून दाखवले. कुंदन दाराबाहेरच्या बाकावर ऐकत होता. मधेच उठला, मोटारसायकल चालू केली व मला न घेता निघून गेला. मी सांगितले तसेच उतरले आहे. त्यातला एक शब्दही बदलायचा नाही.