तिसरं कडवं

आदेश : थांब, थांब. जरा मागं घे. हां, इथनं. ऐकलंस?

श्रेया : काय?

आदेश : ते चिकचिक चिकचिक. हाय-हॅट, ड्रमची झांज. कानात टाचणी घातल्यागत व्हतंय. खाली आण त्याला.

श्रेया : माझ्या हेडफोनवर बरं वाटतं रे दादा. तुझ्या बोलेरोत सगळंच टोचतं.

आदेश : बोलेरोला नावं नको ठेवू. गाडी खाणवाल्या तात्यांची आसंल, कान माझं हायेत. इतक्या वराती वाजवल्या मी. डीजे इकला, कान न्हाई इकलं.

श्रेया : बरं, हॅट खाली. अजून?

आदेश : बेस चांगला बसलाय. आन् ती गेमची धून हळू केलीस ना, ते लई भारी. गुहेतली हाय ना ती?

श्रेया : ओळखलीस!

आदेश : न ओळखाया काय झालं? मे महिन्यात तुमच्या घरी टीव्हीला लावून दिवसभर तेच. तुला कायम दुसरा रिमोट. गुहा आली की तू मावशीच्या मागं पळायचीस.

श्रेया : गुहेत धून बदलायची, म्हणून भीती वाटायची. तेच वाटायला पाहिजे होतं मला ह्या रीमिक्समध्ये. कॉलेजातली पोरं म्हणतात, गेमची धून म्हणजे बालिश. मी म्हटलं, माझ्या दादाला ऐकवते, मग बोला. तर आज नारायणगावच्या स्टँडवर तूच उभा. आईनं पाठवलं ना तुला?

आदेश : मावशीला माहीत न्हाई.

श्रेया : मग तुला कसं कळलं मी ह्या एसटीनं येतेय?

आदेश : कळलं. पुढं लाव. दुसरं कडवं झालं की मधी घंटा येत्यात, त्या कसल्या?

श्रेया : तूच सांग.

आदेश : ओळखल्यात मी. तरी तू सांग.

श्रेया : नवसूमामाच्या मेंढरांच्या. गेल्या साली आपल्या रानात मेंढरं बसवली होती ना, तेव्हा फोनवर घेतल्या. तो म्हणाला, पोरी, ह्येचं काय करणार? मी म्हटलं, गाणं करणार. लई हसला.

आदेश : त्या राहू दे. त्यांना हात लावू नको.

श्रेया : दादा, आपल्याला येडगावला वळायचं होतं. तू हायवेनं सरळच निघालास.

आदेश : माहितेय. बीट बंद करतो मी. तिसरं कडवं नुसतं तोंडानं म्हण. बीटच्या मागं काय लपलंय ते तवाच कळतं.

श्रेया : आता?

आदेश : आता.

श्रेया : "गेममधल्या गड्याला तीन तीन जीव,
डोंगरावर नवसूला एकच जीव.
भोंगा न देता सुरुंग उडवला,
पाय घसरला म्हणं! तात्या, कुणी घसरवला?"

आदेश : पहिल्या दोन ओळी दगडागत बसल्यात. तिसरीत 'भोंगा'च्या आधी श्वास घे, न्हाईतर शेवटी तुटतोय. चौथी काढ.

श्रेया : का?

आदेश : मात्रेत बसत न्हाई.

श्रेया : बसते. हात वाजवून दाखवते, थांब.

आदेश : श्रेया, काढ म्हणलं ना.

श्रेया : दादा, तू मात्रेबद्दल बोलतोयस का?

आदेश : काच वर घे तुझी.

श्रेया : कुठं चाललोय आपण? हा खाणीवरच्या क्रशरचा रस्ता आहे का?

आदेश : न्हाई.

श्रेया : खरं सांग. मी फक्त कॉलेजच्या ग्रुपवर टाकलं होतं ते.

आदेश : ग्रुपवरनं कुठं कुठं गेलंय, तुला काय ठावं? परवा तात्यांच्या घरी जेवाया बसलो व्हतो. त्यांची नात, राजनंदिनी, ताटावर चमचा वाजवत तुझं कडवं म्हणाया लागली. सगळं पाठ. तात्या कौतुकानं ऐकत व्हते. चौथ्या ओळीला त्यांचा घास हातात राह्यला.

श्रेया : चिडले?

आदेश : चिडले आसते तर बरं व्हतं. हसले. म्हणले, पोरगी हुशार हाय. कुणाची? मी म्हणलो, माझ्या मावशीची. मग म्हणले, घेऊन ये तिला. बसून बोलू.

श्रेया : म्हणजे तू मला आणायला आलायस.

आदेश : पाठवलंय मला.

श्रेया : गाडी थांबव.

आदेश : इथं उतरून कुठं जाशील?

श्रेया : दादा, थांबव गाडी!

(गाडीच्या स्पीकरवर फोन घणघणतो.)

आदेश : बहिरू हाय. तात्यांचा माणूस. शब्द काढू नको. तुझ्या पाया पडतो, शब्द काढू नको... हां, बोल बहिरू.

बहिरू : आदेशभाऊ, घावली का पोरगी?

आदेश : न्हाई राव. एसटी आली, ती उतरलीच न्हाई.

बहिरू : न्हाई उतरली?

आदेश : पुण्यातच राह्यली आसंल.

बहिरू : आसंल, आसंल. हितं तात्या वाट बघत्यात. शेडात खुर्च्या मांडल्यात, चहा ठिवलाय. तिचा मोबाईल बी आणाया सांगितलाय, इसरू नगं.

आदेश : घावली की आणतो.

बहिरू : भाऊ, येक इचारू? गाडी मंचरच्या अंगाला कशापायी पळतीया? न्हाई, तात्यांच्या मोबाईलवर दिसतंय, म्हणून इचारलं. त्ये मशीन बसवलंय न्हवं गाडीला.

आदेश : डिझेल टाकाया.

बहिरू : नारायणगावात डिझेल मिळंना व्हय?

आदेश : मंचरच्या पंपावर उधारी चालती माझी. ठेव आता.

बहिरू : ठिवतो की. बग बाबा. वैनी एकटीच असत्यात घरी, पोरगं बारकं हाय. सांजच्याला चक्कर मारीन म्हणतो मी तिकडं.

आदेश : ठेवला त्यानं.

श्रेया : त्यांना दिसतंय आपण कुठं आहोत.

आदेश : गाडी दिसती. तू न्हाई दिसत.

श्रेया : वहिनीला फोन कर. आत्ता कर. माहेरी जा म्हणावं.

आदेश : सकाळीच धाडलंय तिला. घराला कुलूप हाय.

श्रेया : सकाळीच? म्हणजे तू आधीच ठरवलं होतंस?

आदेश : काय ठरवलं न्हवतं. निस्तं भ्या वाटलं, म्हणून धाडलं. तुला काय बोलायचं ते स्टँडपर्यंत घोकत आलो व्हतो. ओळ काढ, तात्यांची माफी माग, चहा पी, घरी जा. झालं, मिटलं. मग तू गाणं लावलंस.

श्रेया : आणि?

आदेश : आन् घंटा वाजल्या.

श्रेया : दादा, नवसूमामाची सुंदरामामी आता काहीच का बोलत नाही? मी गेले होते तिच्याकडं. म्हणाली, मालकाचा पाय घसरला. नवऱ्याच्या अंगावरचा दगड तिनं स्वतःच्या हातानं बाजूला केलाय, आणि मला सांगते, पाय घसरला.

आदेश : तिच्या दारात रोज गाडी उभी आसती. कुणी उतरत न्हाई, कुणी बोलत न्हाई. निस्ती उभी.

श्रेया : कुठली गाडी?

आदेश : हीच.

श्रेया : कोण चालवतं तेव्हा?

आदेश : मंचर आलं. खाली वाक, ह्या चौकात सगळे वळखीचे हायेत. वाक म्हणतो ना.

श्रेया : कोण चालवतं, दादा?

आदेश : तू बसलीयस ना ह्या गाडीत? मग बघ की, कोण चालवतंय.

श्रेया : वाकले. चालव.

आदेश : ऊठ आता. चौक गेला. घोडेगावात स्टँडवर सोडतो तुला. डोंगराकडची एसटी लागलेली आसती. आपल्या गोजरआजीकडं जा. तिकडं रेंज न्हाई, कुणाचा फोन यायचा न्हाई. तुझा बंद करून ठेव. मावशीला मी निरोप धाडतो.

श्रेया : किती दिवस?

आदेश : मला काय ठाव?

श्रेया : आणि ओळ काढली तर? खरंच मिटेल?

आदेश : काढलीस तर दुसरी काढाया लावत्याल. मग घंटा. मग म्हणत्याल, गाणंच कशाला पायजे.

श्रेया : मग नको काढू?

आदेश : ते तू ठरव. मला गाण्याचं इचार, गाण्याचं सांगतो.

श्रेया : गाण्याचंच विचारते.

आदेश : चौथ्या ओळीला तुझा आवाज बारीक व्हतोय. आधीच्या तीन ओळी छातीतनं येत्यात, हिथं मातर तोंडातल्या तोंडात. वरनं तू बीट मोठा केलायस. त्येच्या मागं दडलीयस.

श्रेया : घाबरले होते म्हणताना.

आदेश : ऐकू येतंय ते. बीट खाली घे तिथं. पार बंद कर पायजे तर. नुसता आवाज राहू दे.

श्रेया : तसं म्हटलं तर लहान पोरालाही ऐकू जाईल.

आदेश : जाईल. ती बघ, लाल पाटीची एसटी. दप्तर घे तुझं. पुढच्या दारानं चढ, कंडक्टर वळखीचा हाय. रडू नको, लोक बघत्यात.

श्रेया : तू पण चल.

आदेश : गाडी परत न्यायची हाय. हितं सोडली तर एसटीच्या मागं येतील.

श्रेया : तात्याला काय सांगशील?

आदेश : डिझेल टाकलं म्हणीन.

श्रेया : ते नाही मानणार.

आदेश : न्हाई मानले तर इचारतील, गाणं ऐकलंस का. ऐकलं म्हणीन.

श्रेया : आणि मग?

आदेश : चांगलं झालंय म्हणीन.