कबूल केलं की मिटलं

नाय ओ वकीलबाई, त्याला कोनी मारलं नाय, हात पन नाय लावला — तेच तर सांगते. माज्या थोरल्या पोरानं, नागूनं, आपल्याच तोंडानं पोलिसांना सांगितलं, गांजाचं पोतं माजं हाय. का सांगितलं? आमच्या ठाकरांच्या वाडीत रीतच हाय तशी. कुनाचं चुकलं की सगळी जमतात, त्या घरातल्या कुनीबी पुढं होऊन कबूल करायचं, कोंबडी-नारळ दंड द्यायचा, एका पंगतीला जेवायचं — मिटलं. परत त्याचं नाव कोनी काडत नाय. नागूला वाटलं, सरकारचंबी तसंच असंल. कबूल केलं न् बसला वाट बघत, आता जेवाया बोलावतील. दहा वर्सं दिली ओ त्याला.

पळसदरीला शेटच्या बंगल्यावर राखनीला होता ना तो, त्याच्याच खोलीत घावलं पोतं. शेट हितं आला, ह्याच ओट्यावर बसून माज्या हातचं चिंबोऱ्यांचं कालवन खाल्लं, बोलला — नागूला गप राहू दे, माजा वकील हाय, मी सोडवतो. मी इस्वास ठेवला. तो वकील कोर्टात एक शब्द बोलला नाय, न् निकालानंतर शेट फाटकबी उघडीना. कसला राग येतो म्हनून सांगू! आनि आता तुमी सांगता, मानसाला सोताच्या इरोधात बोलाया लावता येत नाय, वकील त्याचा त्याला पायजे — घटनेत हाय म्हनता? शाळेच्या भिंतीवर रंगवलीय तीच ना? मंग तवा कोनी का नाय सांगितलं त्याला?

बरं, हायकोर्टात सुटला, तर जज बोलंल ना, पोतं नागूचं नव्हतं म्हनून? — नाय? नुसतं पोलिसांचं चुकलं, एवढंच? म्हंजे सुटूनबी गांजावालाच राह्यचा तो? नव्हतं ओ त्याचं! पोतं बंगल्यावर नेलं तवा नागू तापानं हितं पडलेला, मी उशाशी बसलेली. जीप घेऊन तर रूपेश —

धाकटा माजा. शेटची जीप चालवतो. भावाला बघाया एकदाबी तुरुंगात गेला नाय. नागूला ठाव हाय का? ठाव हाय म्हनूनच पुढं झाला ना तो! शेटचं काय, परका मानूस; पन पोटच्या पोरानं फसवलं, त्याला मी काय करू?

काय लिवताय? ते नका लिवू. नाय, साक्षीला नाय येनार मी. त्यालाबी मीच दूध पाजलंय. तुमचं घटनेचं जेवढं हाय, तेवढ्यावरच लढा. नागूला गांजावाला म्हनंनात का लोक, घरी तर येईल.

जावा आता, रूपेशची यायची येळ झाली. आनि नागूनं इचारलं तर सांगा, आई काय बोलली नाय. उठा.